जोडीदाराच्या कॅन्सर उपचारांच्या काळात ख्रिस्ती विश्वासाचा आधार: या वाटेवर नव्याने आलेल्यांसाठी मार्गदर्शन

निदान हाती आल्यापासून प्रत्यक्ष उपचार सुरू होईपर्यंतचा काळ बायोप्सी, स्कॅन, रक्ततपासण्या आणि डॉक्टरांच्या भेटी यांत निघून जातो. या काळात विश्वासणाऱ्या पतीची किंवा पत्नीची प्रार्थना बहुधा दोनपैकी एका बाजूला कलते. एक तर ती देवाशी चाललेली अखंड घासाघीस होऊन बसते, नाहीतर शब्दच सुचेनासे होऊन ती पार बंद पडते. दोन्ही गोष्टी स्वाभाविक आहेत आणि दोन्हींपैकी कशामुळेही विश्वास गेला असे ठरत नाही. पुढील मार्गदर्शन आजारी व्यक्तीपेक्षा तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्यासाठी अधिक आहे. त्यामागची धारणा अशी की, विश्वासाकडे निकालाची हमी मागत राहिल्यास प्रत्येक अहवालागणिक तो डळमळतो. आजच्या दिवसापुरते बळ मागितल्यास मात्र तो अनेक महिने पुरतो. म्हणून येथे सांगितलेल्या बहुतेक गोष्टी लहान आणि रोज करता येण्याजोग्या आहेत. औषधोपचाराविषयीचे निर्णय अर्थातच आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावेत.

पहिली पायरी: प्रार्थना दिवसापुरती करावी

निर्गमच्या सोळाव्या अध्यायात इस्राएल लोकांना अरण्यात मान्ना, म्हणजे देवाने पुरवलेले अन्न, मिळतो तो रोजच्या रोज, त्या दिवसाला पुरेल इतकाच. उद्यासाठी म्हणून राखून ठेवलेल्या मान्न्यात किडे पडतात. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही भाकर मागायची आहे ती आजची. कॅन्सरच्या उपचारांची रचना या शिकवणीला विलक्षण जुळणारी आहे, कारण हे उपचार टप्प्याटप्प्याने चालतात आणि प्रत्येक टप्प्याची अडचण निराळी असते. किमोथेरपी साधारणपणे दोन, तीन किंवा चार आठवड्यांच्या सायकलमध्ये, म्हणजे औषध आणि मग विश्रांती अशा फेऱ्यांमध्ये, दिली जाते. रेडिएशन बहुधा आठवड्यातून पाच दिवस, काही आठवडे चालते. सुरुवातीलाच नर्सकडून किंवा डॉक्टरांकडून आपल्या जोडीदाराच्या सायकलचा अंदाज समजून घेऊन तो कॅलेंडरवर लिहावा आणि त्याप्रमाणे प्रार्थनेचा विषय ठरवावा.

उदाहरणार्थ, सलाईन लावण्याच्या दिवशी शीर नीट सापडावी आणि औषधाची रिॲक्शन येऊ नये, एवढेच मागावे. पुढचे काही दिवस मळमळ आटोक्यात राहावी आणि चार घास पोटात जावेत, हे मागावे. अनेक प्रकारच्या किमोमध्ये साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास संसर्गाशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात, तेव्हा संसर्गापासून रक्षण मागावे. ‘देवा, त्यांना पूर्ण बरे कर’ ही प्रार्थना सोडून द्यावी असे मुळीच नाही. पण दिवसातून पन्नास वेळा तेवढी एकच प्रार्थना केली, तर मन पन्नास वेळा अंतिम निकालाकडे धाव घेते आणि समोर असलेले काम हातून सुटते. शिवाय लहान मागण्यांची उत्तरे दिसतात. आज जेवण टिकले, ताप आला नाही, चार तास सलग झोप लागली, हे संध्याकाळी वहीत एका ओळीत लिहून ठेवल्यास पुढच्या वाईट दिवशी चाळायला काहीतरी हाताशी राहते.

लांब प्रार्थनेची अपेक्षा स्वतःकडून ठेवू नये. रुग्णालयाच्या व्हरांड्यात, नंबराची वाट पाहताना, अर्धे लक्ष पुकाऱ्याकडे असताना एक ओळच जमते. पूर्वेकडील मंडळ्यांमध्ये शतकानुशतके म्हटली जाणारी, ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’ ही छोटी प्रार्थना श्वासाच्या लयीत म्हणता येते. प्रभूची प्रार्थना किंवा पाठ असलेले एखादे भजनही चालते. दुसऱ्याचे शब्द वापरणे म्हणजे मनापासून प्रार्थना न करणे, अशी काहींची समजूत असते. ती या काळात बाजूला ठेवावी. आणि तेवढेही सुचले नाही तर रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौलाने लिहिले आहे की, प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः शब्दांत न मावणाऱ्या उसाशांनी आपल्यासाठी मध्यस्थी करतो. थकलेल्या माणसाने हे वचन शब्दशः घ्यावे.

दुसरी पायरी: विलाप करायला शिकावे

ख्रिस्ती घरांत पुष्कळदा असे गृहीत धरलेले असते की, विश्वासणाऱ्याने संकटात हसतमुख राहून साक्ष द्यावी. पवित्र शास्त्र स्वतः असे वागत नाही. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रे मोठ्या संख्येने आहेत. तेराव्या स्तोत्राची सुरुवातच ‘किती काळ?’ या प्रश्नाने होते आणि पहिल्या दोनच वचनांत तो चार वेळा येतो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते; त्याच्या अखेरीस स्तुतीचे एकही वचन नाही, आणि तरीही ते उपासनेच्या ग्रंथात राखले गेले. बाविसाव्या स्तोत्राचा पहिला आक्रोश येशूने वधस्तंभावरून स्वतःच्या तोंडी घेतला. तेव्हा देवाला जाब विचारणे अविश्वासाचे लक्षण मानण्याचे कारण नाही. जाब विचारणारा निदान देवाशी बोलत तरी असतो.

हे प्रत्यक्षात करण्याची एक साधी रीत आहे. आठवड्यातून एकदा, घरात कोणी नसताना किंवा एकट्याने फिरायला गेले असता, तेरावे स्तोत्र मोठ्याने वाचावे आणि ‘किती काळ’ या शब्दांनंतर आपला स्वतःचा मजकूर घालावा: किती काळ ही रात्रीची ओकारी, किती काळ हे कर्ज, किती काळ मी मुलांसमोर खोटे हसू. शब्द सौम्य करू नयेत. मग स्तोत्राची शेवटची दोन वचने वाचावीत. ती त्या दिवशी मनापासून म्हणता आली नाहीत तर नुसती वाचावीत, आणि तेही जमले नाही तर अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचून थांबावे. मार्कच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो की, मी विश्वास धरतो, माझा अविश्वास घालवून टाका. एका वाक्यात दोन्ही गोष्टी कबूल करणाऱ्या त्या बापाला येशूने परत पाठवले नाही.

गेथशेमाने बागेचा प्रसंगही या काळात पुन्हा वाचण्यासारखा आहे. येशूने आपली इच्छा आधी स्पष्ट सांगितली, हा प्याला माझ्यापासून दूर कर अशी विनंती केली, आणि त्यानंतर पित्याच्या इच्छेला मान दिला. पुष्कळ लोक पहिला भाग गाळून थेट दुसऱ्यावर येतात आणि आपल्याला शांती का मिळत नाही याचे नवल करतात.

तिसरी पायरी: प्रार्थना आणि औषध यांना एकमेकांसमोर उभे करू नये

या मुद्द्यावर मी जराही सवलत देणार नाही. उपचार घेणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे, असे सांगणारा कोणी ना कोणी भेटतोच. हिज्कीया राजा मरणोन्मुख असताना त्याने रडून प्रार्थना केली, परमेश्वराने ती ऐकून त्याचे आयुष्य पंधरा वर्षांनी वाढवले, आणि त्याच वृत्तांतात यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांची चकती बांधायला सांगितली. कलस्सैकरांस पत्रात लूकचा उल्लेख प्रिय वैद्य असा येतो. प्रोटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन लूथरने 1527 मध्ये प्लेगच्या साथीविषयी लिहिलेल्या पत्रात देवाकडे रक्षण मागण्याबरोबरच औषध घेणे, हवा शुद्ध करणे आणि गरज नसेल तेथे जाणे टाळणे, हे सारे आपण करू असे म्हटले आहे. प्रार्थनेमुळे बरे वाटले म्हणून किमोची पुढची तारीख टाळण्याचा विचार मनात आला, तर तो त्याच दिवशी डॉक्टरांसमोर बोलून दाखवावा.

धार्मिक आचरणातल्या काही गोष्टी उपचारांच्या आड येऊ शकतात, त्यांची यादी आधीच डोक्यात असावी. उपास हा त्यातला मुख्य विषय आहे. उपचार घेणाऱ्या व्यक्तीने डॉक्टरांना विचारल्याखेरीज उपास करू नये, कारण वजन आणि शक्ती टिकवणे हा उपचाराचाच भाग असतो; उपास करायचाच असेल तर तो सोबत्याने करावा, आणि त्यानेही शुश्रूषेला बळ उरेल इतकाच. पांढऱ्या पेशी कमी असतील त्या दिवसांत गर्दीची उपासना, हस्तांदोलन आणि सामाईक प्याला टाळावा. त्या रविवारी उपासना घरीच ऐकावी आणि पाळकांना प्रभुभोजन घरी देण्याची विनंती करावी. तेल लावून प्रार्थना करायची असेल तर कपाळावर थेंबभर पुरेसे असते. रेडिएशन चालू असलेल्या भागाच्या त्वचेवर तेल किंवा मलम विचारल्याशिवाय लावू नये. कोणी प्रार्थना करून दिलेला काढा किंवा पूरक गोळ्या असतील तर त्यांची माहितीही डॉक्टरांना द्यावी, कारण काही वनस्पती औषधांच्या परिणामात ढवळाढवळ करतात.

एक गोष्ट मात्र कोणत्याही प्रार्थनासभेच्या आधी. किमो चालू असताना 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट किंवा अधिक ताप आला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयाने दिलेल्या क्रमांकावर लगेच फोन करावा. पेशी कमी असताना साधा वाटणारा संसर्गही काही तासांत गंभीर होऊ शकतो. प्रार्थना रुग्णालयाच्या वाटेवरही करता येते.

चौथी पायरी: जोडीदाराचा विश्वास जोडीदाराच्या हाती राहू द्यावा

आजारी पडलेली व्यक्ती विश्वासाच्या बाबतीत आपल्याच वेगाने चालेल असे नाही. तिला आठवडेच्या आठवडे पवित्र शास्त्र उघडावेसे वाटणार नाही, किंवा उलट आपण हताश असताना ती आश्चर्यकारक शांत असेल. तिच्यासाठी वचने निवडून उशाशी ठेवण्याआधी विचारावे: आज वाचू का, की नुसता बसू? उत्तर ‘नुसता बस’ असे आले तर तीच त्या संध्याकाळची सेवा. किमोनंतर लक्ष एकाग्र होत नाही, वाचलेले लक्षात राहत नाही, अशी तक्रार पुष्कळ जण करतात. अशा वेळी अख्ख्या अध्यायापेक्षा तेविसाव्या स्तोत्राची सहा वचने हळू वाचलेली बरी. त्या स्तोत्रातली एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. पहिल्या तीन वचनांत मेंढपाळाविषयी बोलणे चालते, आणि मृत्यूच्छायेच्या दरीत शिरताच चौथ्या वचनापासून बोलणे थेट त्याच्याशी सुरू होते.

मळमळ रोखण्यासाठी किंवा उपचाराचा भाग म्हणून दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडमुळे झोप उडते आणि चिडचिड होते, हेही ठाऊक असावे. मध्यरात्री ऐकू आलेले कठोर शब्द नेहमी मनातलेच असतात असे नाही, आणि त्यांना उत्तर म्हणून क्षमेवरचे प्रवचन नको असते. जोडीदार दुसऱ्या पंथाचा असेल, अन्य धर्माचा असेल किंवा देव न मानणारा असेल, तर हे भान आणखी राखावे लागते. आपण त्याच्यासाठी प्रार्थना करतो हे त्याला सांगावे, पण त्याच्या दुबळेपणाच्या घडीला त्याच्याकडून होकार वसूल करू नये. लग्नात दिलेले वचन आजारपणातही साथ देण्याचे असते आणि ते स्वच्छ चादर, वेळेवर गोळी आणि डोके दाबून देणे यांतूनच बहुतांशी पाळले जाते.

पाचवी पायरी: मंडळीला नेमके काम सांगावे

‘काही लागले तर सांगा’ असे म्हणणारे पुष्कळ असतात आणि त्यांतले बहुतेक जण खरोखरच मदत करायला तयार असतात. अडचण एवढीच की, काय लागते याचा विचार करण्याइतकी शक्ती आपल्यात नसते. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघात झालेल्या माणसाला चौघे जण उचलून आणतात, छप्पर उघडून त्याला खाली सोडतात, आणि तेथे लिहिले आहे की येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. निर्गमच्या सतराव्या अध्यायात लढाई चालू असताना वर धरलेले मोशेचे हात जड होतात तेव्हा त्याच्याखाली धोंडा ठेवून त्याला बसवतात आणि अहरोन व हूर दोन बाजूंनी त्याचे हात धरून ठेवतात. मोशे ‘मी ठीक आहे’ असे म्हणत उभा राहत नाही.

म्हणून मंडळीतल्या एका विश्वासू व्यक्तीला समन्वयाचे काम द्यावे. फोन, भेटीच्या वेळा, डबा, मुलांना शाळेतून आणणे, रेडिएशनसाठी ने-आण या सगळ्याचा निरोप तिच्याकडून जावा. प्रकृतीची बातमी रोज वीस जणांना नव्याने सांगण्याचा शीण त्यामुळे वाचतो. मदत मागताना दिवस आणि वेळ घालून मागावी. ‘मंगळवारी दुपारी दोन ते पाच कोणी घरी बसेल का’ या विनंतीला लगेच उत्तर मिळते. प्रार्थनेच्या घोषणेत काय सांगायचे हे मात्र आधी जोडीदाराला विचारून ठरवावे. आजाराचे नाव, अवयव, टप्पा या गोष्टी त्याच्या आहेत, आणि प्रार्थनेच्या निमित्ताने पसरलेली बातमी मागे घेता येत नाही. भेटीला येणाऱ्यांना सर्दी-खोकला असल्यास येऊ नका असे सांगण्यात उद्धटपणा नाही.

याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आजारी माणसाने मंडळीच्या वडिलांना बोलवावे आणि त्यांनी त्याला तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी, असे सांगितले आहे. बोलवायचे काम तेथे आजाऱ्याकडे दिले आहे हे लक्षात घ्यावे. पाळक आपणहून येतील म्हणून वाट पाहू नये. कॅथलिक कुटुंबांमध्ये आजाऱ्यांच्या अभ्यंगाचा, म्हणजे तेल लावून प्रार्थना करण्याचा, संस्कार केवळ शेवटच्या घटकेसाठी असतो, हा समज अजून पुरता गेलेला नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर पोप सहावे पॉल यांनी 1972 मध्ये या संस्काराचा विधी सुधारला. गंभीर आजारात तो घेता येतो आणि प्रकृती अधिक बिघडल्यास पुन्हाही घेता येतो. मोठ्या शस्त्रक्रियेच्या आधी फादरांना बोलावले म्हणून घरच्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही.

मंडळीतूनच काही जखमाही होतात. कोणी म्हणेल की विश्वास कमी पडला, कोणी घराण्यातले लपलेले पाप शोधू लागेल. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांध माणसाविषयी हाच प्रश्न विचारला होता आणि येशूने त्याचे पाप नाही, त्याच्या आईबापांचेही नाही, असे उत्तर दिले. ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ मुकाट बसले तोवर ठीक होते. ते कारणे सांगू लागले तेव्हा बिघडले, आणि शेवटी देवाने त्यांना तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत असे ठणकावले. अशा पाहुण्याशी वाद घालण्यात शक्ती घालवू नये. ‘आपण फक्त प्रार्थना करा, त्याची आम्हाला गरज आहे’ असे म्हणून विषय थांबवावा, आणि तो थांबत नसेल तर पुढची भेट समन्वयकाने टाळावी.

सहावी पायरी: स्वतःच्या शरीराकडे पाहावे

एलीया रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो तेव्हा देव त्याला उपदेश करत नाही. त्याला झोपू दिले जाते, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिले जाते, पुन्हा झोपू दिले जाते आणि पुन्हा खायला दिले जाते, कारण पुढची वाट त्याला झेपण्यापलीकडची आहे. शुश्रूषा करणाऱ्याने जेवण, झोप आणि स्वतःची औषधे याच क्रमाने सांभाळावीत. दोन-तीन आठवडे सतत उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल किंवा जगणे नको वाटत असेल, तर डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जावे. पाळकांना सांगितले आहे एवढ्यावर थांबू नये. जीव द्यावासा वाटत असेल तर आठवडे मोजत बसू नये, त्याच दिवशी कोणाला तरी सांगावे.

सातवी पायरी: अहवालाचे दिवस

स्कॅन झाल्यापासून अहवाल येईपर्यंतचे दिवस अनेकांना उपचारांपेक्षा जड जातात. त्या दिवसांसाठी एक प्रार्थना आधीच लिहून ठेवावी आणि अहवाल कसाही आला तरी ती म्हणण्याजोगी असावी. अहवाल चांगला आला तर आभार मानावेत, पण त्याला आपल्या विश्वासाचे प्रमाणपत्र समजू नये. तसे समजले तर पुढचा वाईट अहवाल नापासाचा शेरा वाटू लागतो. पौलाने आपल्या देहातला काटा निघावा म्हणून प्रभूला तीनदा विनंती केली आणि त्याला उत्तर मिळाले ते काटा निघाल्याचे नसून कृपा पुरेशी असल्याचे. पौलाचा विश्वास तोकडा होता असे कोणी म्हणत नाही.

डॉक्टरांनी पॅलिएटिव्ह केअरचे नाव काढले की आशा सोडली असा अर्थ अनेक घरांत घेतला जातो. ही सेवा वेदना, मळमळ, धाप आणि मनाची तगमग कमी करण्यासाठी असते आणि मूळ उपचार चालू असतानाही घेता येते. आधुनिक हॉस्पिस चळवळीची, म्हणजे अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या शुश्रूषेच्या चळवळीची, पायाभरणी करणाऱ्या सिसिली साँडर्स या स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती होत्या. त्यांनी 1967 मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले आणि शरीर, मन, नातेसंबंध आणि आत्मा या चारही बाजूंच्या वेदनेचा एकत्र विचार करायला शिकवले. आजार बरा होण्यापलीकडे गेल्याचे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, तर बरे होण्याची प्रार्थना करत असतानाच आणखी काही विषय बोलायला घ्यावेत: कोणाशी समेट करायचा राहिला आहे, घरी राहायचे की रुग्णालयात, अखेरच्या उपासनेत कोणते गीत हवे. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशूला पुढे काय होणार हे ठाऊक होते, तरी तो रडला. पुनरुत्थानावर विश्वास असलेल्या घरात रडण्याला मनाई असण्याचे कारण नाही.

उपचार यशस्वीपणे पूर्ण झाले तर मंडळी आभारप्रदर्शनाची उपासना ठेवील आणि त्यानंतर डबे व फोन हळूहळू थांबतील. नेमक्या त्याच सुमारास शुश्रूषा करणारा ढासळतो, कारण इतके दिवस थोपवून धरलेली भीती तेव्हा मोकळी होते. थकवा आणि हातापायांच्या मुंग्या किमो संपल्यावरही बरेच महिने राहू शकतात आणि फेरतपासण्या काही वर्षे चालतात. आभाराच्या उपासनेच्या दिवशीच समन्वयकाकडे पुढच्या तपासण्यांच्या तारखा लिहून द्याव्यात आणि त्या प्रत्येक तारखेच्या आठवड्यात दोघांसाठी प्रार्थना व्हावी, एका संध्याकाळी कोणीतरी येऊन बसावे, असे सांगून ठेवावे.